एकच भाला, दोन वाटा: चीनची पारंपरिक युद्धकला आणि स्पर्धेतलं वुशू

चिनी भाल्याचं शिक्षण तीन हालचालींपासून सुरू होतं. मागचा हात कमरेपाशी घट्ट, पुढचा हात सैल, जणू भाला त्यातून सरकावा अशी नळीच. टोक आधी बाहेरच्या बाजूला वळवायचं, मग आतल्या बाजूने दाबत आणायचं आणि मग सरळ पुढे भोसकायचं. लान, ना, झा. पहिल्या दोन हालचाली समोरून येणारा भाला बाजूला सारण्यासाठी, तिसरी त्या भाल्याच्या मालकासाठी. जुन्या पद्धतीचे गुरू विद्यार्थ्याकडून महिनोन्‌महिने एवढंच करून घेतात. त्यासाठी दिलेली काठी तीन मीटरच्या आसपास लांब असते आणि बुडाशी मुठीत जेमतेम मावते. ती नुसत्या हातांनी हलत नाही. पाय, कंबर आणि पाठ एकदम कामाला लागली तरच टोक वळतं. सुरुवातीला टोकाचं वर्तुळ घमेल्याएवढं असतं. वर्षं सरतात तसं ते लहान होत जातं, कारण मोठं वर्तुळ म्हणजे वाया गेलेला वेळ, आणि तेवढ्या वेळात समोरचा भाला आत येतो.

हेच लान, ना, झा आशियाई स्पर्धेत वुशूच्या गालिच्यावरही दिसतं. तिथला भाला हलका आणि लवचिक असतो. टोकाजवळचा लाल झुबका थरथरतो आणि काठी चाबकासारखी वाकते. खेळाडू तीनदा भोसकतो, धावत जातो, हवेत दोन पूर्ण गिरक्या घेतो आणि खाली येऊन दगडासारखा स्थिर होतो. पाहणाऱ्याचा श्वास अडकतो. फक्त एक फरक डोळ्यांत भरतो : इथे बाजूला सारायला समोर भालाच नाही.

माझ्या मते या विषयातला सगळा गुंता एका प्रश्नाने सुटायला लागतो. ही हालचाल कुणाला उत्तर देते आहे? समोरच्या शत्रूला, की बाजूला बसलेल्या पंचांना? हालचाल तीच असू शकते. पण उत्तर ज्याला द्यायचं तो बदलला, की शरीर घडवण्याची पद्धतही बदलते.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. ‘वू’ म्हणजे युद्धासंबंधीचं, ‘शू’ म्हणजे कला किंवा विद्या. म्हणजे वुशूचा साधा अर्थ युद्धकला. चीनमध्ये खेड्यातला म्हातारा गुरू शिकवतो तेही वुशूच आणि राष्ट्रीय संघातली मुलगी गालिच्यावर करते तेही वुशूच. चीनबाहेर मात्र हा शब्द आक्रसून स्पर्धेच्या खेळापुरता उरला, आणि जुन्या शैलींना सगळे ‘कुंग फू’ म्हणू लागले. कुंग फूचा मूळ अर्थ तर युद्धाशी बांधलेलाही नाही. वेळ आणि कष्ट देऊन हातात मुरलेलं कसब, एवढाच तो. असं कसब स्वयंपाक्याकडे असतं, सुताराकडेही असतं.

पारंपरिक शैली म्हणजे नेमकं काय

चीनच्या क्रीडा खात्याने १९८३ ते १९८६ या काळात देशभर पाहणी केली, तेव्हा स्वतंत्र म्हणाव्यात अशा १२९ शैली नोंदवल्या गेल्या. यातल्या बहुतेक शैलींना गाव आहे, घराणं आहे. छन घराण्याची ताईची हनान प्रांतातल्या छनच्यागोऊ गावातली. बाजीछ्वान ही आखूड पल्ल्याची, खांदा-कोपराने धडक देणारी शैली हबेई प्रांतातल्या मंगछुन भागातली. ली शूवन हा तिथला सगळ्यात गाजलेला माणूस, आणि त्याची ख्याती हाताच्या ठोशाइतकीच भाल्याची होती. दक्षिणेत फोशान शहरात विंग चुन वाढली. पुढे इप मान यांनी ती हाँगकाँगमध्ये उघडपणे शिकवली. त्याच भागातले वाँग फेई-हुंग (१८४७–१९२४) हुंग गार शैलीचे वस्ताद होते आणि हाडवैद्यही. त्यांच्या दवाखान्याचं नाव लोक आजही घेतात. वस्तादाला हाड बसवता येणं यात नवल काही नव्हतं. आपल्या जुन्या तालमींतही मुरगळलेला पाय वस्तादच चोळून देत.

अशा शैलीत शिकण्याचे अनेक पदर असतात. तासन्‌तास एका जागी उभं राहणं. एकच ठोसा हजारो वेळा मारणं. जोडीदाराच्या हाताला हात लावून त्याच्या जोराची दिशा ओळखणं. हात, पाय, पोट मार सोसण्याइतकं टणक करणं. शस्त्रं, मोकळी झुंज, आणि या सगळ्यांच्या बरोबरीने ‘ताओलू’, म्हणजे ठरलेल्या क्रमाने केलेल्या हालचालींची माळ.

ताओलूविषयीचा गैरसमज सगळ्यात मोठा आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. ताओलू म्हणजे लढाई नव्हे. पाढे पाठ असणं म्हणजे गणित येणं नव्हे, तसंच ते. बहुतेक शिष्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या काळात शैलीतले सगळे डाव हरवू नयेत म्हणून ते एका माळेत ओवून शरीरात साठवले गेले. प्रत्येक मणी नंतर जोडीदारासोबत सुटा करून उलगडायचा असतो. वर उचललेला हात ठोसा अडवण्यासाठी आहे की मनगट धरण्यासाठी, मागे टाकलेलं पाऊल माघारीचं आहे की पाय अडकवून पाडण्याचं, हे समोर माणूस उभा राहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून जुन्या जाणत्यांची एक म्हण आहे : नुसता ताओलू केला आणि अंग कमावलं नाही, तर म्हातारपणी ओंजळ रिकामीच.

देखणेपणाची तक्रार जुनीच आहे

इथपर्यंत वाचून वाटेल, की पूर्वी सगळं खरं होतं आणि आधुनिक काळात दिखाऊ झालं. अनेक पारंपरिक गुरू असंच सांगतात. इतिहास मात्र तसं सांगत नाही.

सुंग राजवटीत, म्हणजे सातशे-आठशे वर्षांपूर्वी, राजधानीत करमणुकीचे बाजार भरत. हांगचौच्या त्या काळातल्या वर्णनांत एक तपशील आहे. कुस्ती सुरू होण्याआधी स्त्रियांच्या काही जोड्या ‘ताओझ’, म्हणजे ठरवून बसवलेल्या झटापटी, करून दाखवत. त्यामुळे गर्दी जमे आणि मग खरे पैलवान उतरत. तिकीट काढून पाहायचा ताओलू तेव्हाही होताच.

मिंग राजवटीतला सेनापती छी चीग्वांग याचं उदाहरण तर मला फार महत्त्वाचं वाटतं. सोळाव्या शतकात चीनच्या किनाऱ्यावर चाच्यांनी धुमाकूळ घातला होता. त्यांच्याशी लढायला त्याने शेतकऱ्यांतून आणि खाणकामगारांतून नवं सैन्य उभारलं. त्याने लिहिलेल्या प्रशिक्षणाच्या ग्रंथात रिकाम्या हाताने लढण्याच्या ३२ पवित्र्यांची चित्रं आहेत. पण तो स्पष्टच म्हणतो, की मोठ्या लढाईत मुष्टियुद्धाचा फारसा उपयोग नाही. हातपाय मोकळे करायला आणि शस्त्रविद्येत शिरायला ते चांगलं, इतकंच. सैनिकांना तो ‘फुलांचा भाला’ शिकायला बंदी घालतो. फुलांचा भाला म्हणजे लोकांपुढे सुंदर दिसावं म्हणून केलेला पोकळ देखावा. रांगेत खांद्याला खांदा लावून पुढे सरकणाऱ्या सैनिकाला डावी-उजवीकडे उड्या मारायला जागा कुठे असते, असा त्याचा रोकडा सवाल आहे.

म्हणजे ही कुरबूर किमान साडेचारशे वर्षांची आहे. चिनी भाषेत अशा देखाव्याला एक झकास शब्दप्रयोगही आहे, ‘फुलांच्या मुठी, भरतकामाचे पाय’. जी गोष्ट नसते तिच्यासाठी भाषा असे शब्द घडवत नाही. लढणारी बाजू आणि दाखवणारी बाजू कायम शेजारीशेजारी नांदत आल्या. पुष्कळदा एकाच माणसात नांदल्या, कारण पोटासाठी रस्त्यावर खेळ करून मलम विकणारा माणूस रात्री कुणाच्या तरी वाड्यावर राखणदारीही करत असे.

खेळाचे नियम लिहिले जातात

विसाव्या शतकात वेगळं घडलं ते असं, की या दाखवणाऱ्या बाजूला राज्यसंस्था मिळाली.

सुरुवात देशाभिमानातून झाली. १९१० च्या सुमाराला शांघायमध्ये हुओ युआनजिया या वस्तादांच्या नावाभोवती जिंगवू संस्था उभी राहिली. तिने घराण्यांच्या भिंती ओलांडून शहरी माणसांना, स्त्रियांनासुद्धा, युद्धकला शिकवायला सुरुवात केली. १९२८ मध्ये नानजिंगला सरकारच्या पाठिंब्याने केंद्रीय ग्वोशू संस्था निघाली. ग्वोशू म्हणजे राष्ट्रीय कला. त्याच वर्षी तिने देशभरातल्या लढवय्यांची परीक्षा घेतली. उंच मंचावरच्या त्या झुंजी इतक्या हातघाईवर आल्या, की शेवटच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या.

मग १९३६. बर्लिन ऑलिंपिकला चीनने युद्धकलेचं प्रात्यक्षिक पथक पाठवलं. त्यात तरुण स्त्रियाही होत्या. मराठी वाचकाला इथे थोडं थांबावंसं वाटेल, कारण त्याच बर्लिनमध्ये आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथकही कबड्डीसह देशी खेळ दाखवायला गेलं होतं. परक्यांच्या अंमलाखाली वा दडपणाखाली असलेले दोन देश आपापली व्यायामविद्या एकाच शहरात जगापुढे मांडत होते. जगापुढे मांडायचं, तर ती चटकन कळायला हवी, ठरावीक वेळेत बसायला हवी, दुरून दिसायला हवी. हा दबाव कुणी सांगून येत नाही, तो मंचातूनच येतो.

चीनच्या त्या पथकात चांग वनग्वांग नावाचा तरुण होता. चाछ्वान या शैलीत तो तयार झाला होता. चीनमधल्या हुई मुस्लिम समाजाने ही शैली पिढ्यान्‌पिढ्या जपली होती. १९४९ नंतर नव्या सरकारला शाळा-महाविद्यालयांत शिकवता येईल असा युद्धकलेचा नमुना हवा होता. तो घडवणाऱ्यांत हेच चांग होते.

त्यांच्याबरोबरीने नाव घ्यायचं ते त्साय लोंगयुन यांचं. १९४३ मध्ये शांघायमध्ये त्यांनी एका रशियन मुष्टियोद्ध्याला लोळवलं, तेव्हा ते जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचे होते. हाच माणूस पुढे स्पर्धात्मक वुशूची घडी बसवणाऱ्यांत होता. वुशूत ‘प्रहार’ आहे तसं ‘नृत्य’ही आहे, दोन्ही मान्य करा, असं त्यांनी १९५० च्या दशकात मांडलं. आधुनिक वुशू लढाई न कळणाऱ्या लोकांनी घडवलं, असं कुणी म्हणालं तर मी हे नाव पुढे करतो.

मग लढाई गळाली कशी? राज्यकर्त्यांची भीती हे मोठं कारण. चीनमध्ये युद्धकलेच्या मंडळ्या आणि गुप्त पंथ यांचं नातं जुनं. १९०० सालचं बॉक्सर बंड, म्हणजे अशाच मंडळ्यांनी परकीयांविरुद्ध केलेला उठाव, सगळ्यांच्या आठवणीत होतं. नव्या सरकारला गावोगावी वस्तादांभोवती जमलेले, शपथेने बांधलेले लढवय्ये नको होते. १९५५ च्या आसपास ‘मारामारीवरच भर देण्याची वृत्ती’ अधिकृत टीकेची धनी झाली. आरोग्य, व्यायाम, सौंदर्य हे शब्द पुढे आले. १९५६ मध्ये २४ हालचालींची सोपी ताईची तयार झाली, १९५८ मध्ये चिनी वुशू संघटना स्थापन झाली आणि १९५९ मध्ये स्पर्धेचे पहिले नियम आले. उत्तरेच्या चाछ्वान, ह्वाछ्वान, पाओछ्वान अशा शैलींतून लांब पल्ल्याच्या, मोकळ्या हालचाली वेचून ‘चांगछ्वान’ घडवली गेली. दक्षिणेच्या शैलींतून ‘नानछ्वान’ आली.

त्यानंतर माओच्या सांस्कृतिक क्रांतीत, जुनं सगळं पुसून टाकण्याच्या त्या मोहिमेत, गुरूंच्या घरच्या वंशावळी आणि शस्त्रं जप्त झाली, अनेकांचा छळ झाला. ही हानी स्पर्धेच्या नियमांनी केलेल्या बदलापेक्षा कितीतरी खोल आहे, आणि दोन्ही गोष्टी एकाच माळेत ओवणं मला अन्यायाचं वाटतं. एका बाजूला मुलांच्या संघांचा सराव मात्र चालू राहिला. बीजिंग संघाचे प्रशिक्षक वू बिन यांच्या हाताखाली तयार झालेला अकरा वर्षांचा ली लियेनजे १९७४ मध्ये अमेरिकेत व्हाइट हाउसच्या हिरवळीवर प्रात्यक्षिक देऊन आला. जग त्याला पुढे जेट ली म्हणून ओळखू लागलं.

गुणपद्धती शरीर कसं घडवते

आजच्या आंतरराष्ट्रीय ताओलू स्पर्धेत गालिचा १४ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असतो. गुण एकूण १०. हालचालींच्या अचूकतेला ५, एकूण सादरीकरणाला ३ आणि अवघडपणाला २.

अवघडपणाचे गुण कमी दिसतात, पण निकाल तिथेच लागतो. वरच्या पातळीवर सगळ्यांचीच अचूकता जवळजवळ सारखी असते. म्हणून जो हवेत ७२० अंश फिरून ठरलेल्या पवित्र्यात स्थिर उतरतो तो पुढे जातो. लहान वयापासून सरावाचा मोठा वाटा उडी, गिरकी आणि उतरणं यात जातो. गुडघे आणि घोटे त्याची किंमत मोजतात.

आता घोड्यावर बसल्यासारखा पवित्रा घ्या, ‘माबू’. पंच बघतात मांडी जमिनीला समांतर आहे का. नसेल तर ०.१ गुण गेला. जुन्या शैलीत याच पवित्र्याची उंची कामावर ठरते. सरावात पाय कमावण्यासाठी खूप खाली बसतात, लढताना वर येतात, कारण फार खाली बसलेल्या माणसाला झटकन पाऊल टाकता येत नाही. शिवाय हुंग गारचा माबू वेगळा, विंग चुनचा पवित्रा त्याहून निराळा, आतल्या बाजूला गुडघे वळवलेला. पंचांना मात्र शंभर खेळाडूंची तुलना करायची असते. तुलनेसाठी एकच मोजपट्टी लागते, आणि मोजपट्टी आली की १२९ बोलींच्या जागी एक प्रमाणभाषा येते.

ही उपमा मी विचारपूर्वक देतो आहे. प्रमाणभाषा वाईट नसते. तिच्यामुळे मणिपूरचा खेळाडू, इराणचा खेळाडू आणि मलेशियाचा खेळाडू एकाच गालिच्यावर उतरू शकतात. गावाच्या वस्तादाने शिष्य म्हणून कधीच स्वीकारली नसती अशी मुलगी आज भाला घेऊन जगज्जेती होते. आणि ज्याने एकदा तरी ते उडून उतरणं जवळून पाहिलं आहे, तो त्याला पोकळ म्हणणार नाही. ते शरीर खरंच कमावलेलं असतं, फक्त वेगळ्या कामासाठी.

मग लढाईचं काय झालं? १९७९ पासून तिचे प्रयोग वेगळ्या दारातून सुरू झाले. त्यातून ‘सांदा’ उभी राहिली. हातमोजे घालून ठोसे, लाथा आणि उचलून पाडणं, सगळं ८० सेंटिमीटर उंच मंचावर. भारतीय वाचकाला वुशू माहीत आहे ते मुख्यतः याच दारातून. २०१० च्या ग्वांगचौ आशियाई स्पर्धेत वांगखेम संध्याराणी देवीचं रौप्य, २०१७ च्या जागतिक स्पर्धेत पूजा कादियानचं सुवर्ण, २०२३ मध्ये हांगचौ आशियाई स्पर्धेत रोशिबिना देवीचं रौप्य, हे सगळं सांदातलं.

खरी फूट मला इथे दिसते. जुन्या शैलीत माळ, जोडीदार आणि झुंज एकाच अंगणात होती. आधुनिक वुशूने अंगणाचे दोन तुकडे केले. एकेरी ताओलूच्या खेळाडूला कुणाला हात लावावा लागत नाही, आणि सांदाचा खेळाडू बहुतेकदा एकही ताओलू करत नाही. त्याचा ठोसा मुष्टियुद्धाच्या ठोशासारखा दिसतो. भाल्याचं लान, ना, झा या दोघांच्या मधल्या भिंतीत अडकून राहिलं.

पण पारंपरिक बाजूचं सगळं ठीक आहे, असंही नाही, आणि हे तिच्यावर प्रेम असणाऱ्यांनीच बोललं पाहिजे. २०१७ मध्ये छंगदू शहरात मिश्र युद्धकलेचा प्रशिक्षक शू श्याओदोंग याने एका ताईची शिक्षकाला अर्ध्या मिनिटाच्या आत खाली पाडलं. चीनभर गदारोळ झाला. त्या चित्रफितीने ताईची खोटी ठरत नाही. पण अनेक पारंपरिक वर्गांत झुंजीचा सराव कधीच बंद झाला आहे, हे तिने उघड केलं. स्पर्धेच्या वुशूने जोडीदार नियमाने काढला, या वर्गांनी तो संकोचाने काढला. फरक एवढाच, की पहिल्यांनी ते लपवलं नाही.

शिकायचं असेल तर

आता काही वर्षांपासून आपल्या शहरांतही दोन्हींचे वर्ग दिसतात आणि पालक विचारतात, मुलाला कुठे घालू. उड्या, लवचिकपणा, स्पर्धा, प्रमाणपत्र हवं असेल तर ताओलू उत्तम, आणि लहान वयातच. मात्र गिरकीआधी पायाचे स्नायू तयार करून घेतात का, उतरायला मऊ गादी आहे का, हे पाहून या. प्रत्यक्ष भिडायचं असेल तर सांदा. पारंपरिक शैली शिकायची तर एकच गोष्ट बघा : वर्गात दोन माणसं एकमेकांना हात लावतात का. ठरवून का होईना, सावकाश का होईना, समोर कुणीतरी जोर देतो आणि दुसरा त्याला उत्तर देतो, असं काही घडतं का.

चाळिशी ओलांडलेल्यांसाठी १९५६ ची ती २४ हालचालींची ताईची आहेच. यांग घराण्याच्या लांबलचक माळेतून ती कापून घेतली, म्हणून शुद्धतावाद्यांनी तिला नावं ठेवली. आज आधुनिक वुशूमधली सगळ्यात जास्त माणसांनी केलेली गोष्ट बहुधा तीच असेल, कुठलाही पंच नसताना, सकाळी बागेत. ती पाच-सहा मिनिटांत होते. ती पुरेशी मुरली की शिक्षकाला ‘थुईशौ’ शिकवायला सांगा. त्यात दोघं समोरासमोर उभे राहतात, मनगटाला मनगट टेकवतात आणि एकमेकांचा तोल शोधतात. रोज हवेत केलेली ती मऊ हालचाल समोरच्याच्या वजनाखाली टिकते की नाही, हे तिथे पहिल्या दहा सेकंदांत कळतं.